हन्ना, ॲना, आना, अनिता... एकाच नावाची किती पिल्लं?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

झालं असं की माझ्या धाकट्या बहिणीला मागच्या महिन्यात मुलगी झाली. बहीण राहते उट्रेख्टला, नवरा डच. दोघांनी मिळून नाव ठरवलं हन्ना, कारण काय तर तिकडच्या आजी-आजोबांनाही म्हणता यावं आणि इकडच्यांनाही. व्हिडिओ कॉलवर नाव सांगितलं तर आमच्या आईने (मुक्काम पोस्ट सातारा) आधी दोनदा "काय?" विचारलं आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "हाणा? अगं लेकराला हाक मारायची का हाणायचं?"

जावयाला ओ की ठो कळलं नाही, तो बिचारा हातात बशी धरून हसत उभा. बशीत टोस्ट, त्यावर लोणी आणि वर गुलाबी-पांढऱ्या साखरेत घोळलेली बडीशेप. मूल झालं की तिकडे पेढ्यांऐवजी हे वाटतात, मुलगी असली की गुलाबी. त्या बडीशेपेला डच लोक 'छोटे उंदीर' म्हणतात हे बहिणीने कौतुकाने सांगितलं आणि तिथेच आईचा दुसरा प्रश्न सुरू झाला, तो इथे लिहीत नाही.

तर मुद्दा. हे नाव हिब्रू आहे एवढं मला माहिती आहे. पण ॲना आणि हन्ना एकच का? मग 'ह' कुठे गेला? आणि याचा अर्थ काय, म्हणजे आईला सांगता येईल असा? इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. (कृपया "नाव बदला" असे सल्ले नकोत, सर्टिफिकेट झालंय.)

आगाऊ_शहाणा
पहिला! आईंना साष्टांग दंडवत. "हाक मारायची का हाणायचं" वर धागा संपला खरं तर.

कागदी_लिंबू
अभिनंदन मावशीबाई.

हो, एकच नाव. मूळ हिब्रूत पहिलं अक्षर 'खेत' आहे, आपला साधा ह नाही, घशातून खरवडून काढायचा ह. आजच्या इस्राएलमध्ये तर सरळ 'खना' ऐकू येतं. धातू ख-न-न, त्यातून 'खेन' म्हणजे कृपा, मर्जी, एखाद्याच्या नजरेत आपल्याबद्दल जो गोडवा असतो तो. गंमत म्हणजे आजच्या हिब्रूत 'फुकट'ला 'खिनाम' म्हणतात, तोही यातलाच. कृपा म्हणजे जिचे पैसे पडत नाहीत ती. आईंना सांगा नात 'कृपा' आहे, सातारा खूष.

आता 'ह' कुठे गेला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्यूंचे धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले गेले. ग्रीकांकडे या आवाजाचं अक्षरच नव्हतं. म्हणजे होतं एकेकाळी, फिनिशियन लोकांकडून त्यांनी तेच 'खेत' उचललं होतं, पण तोवर त्याचा 'ईटा' नावाचा स्वर करून टाकला होता. त्यामुळे हन्ना लिहायची वेळ आली तेव्हा पुढचं धूड गळलं आणि उरली 'अन्ना'. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून अख्खा युरोप. सगळ्या ॲना, ॲन, आना या त्या ह-गळतीच्या लेकी.

ढगातला_काजवा
म्हणजे राजेश खन्ना...

आगाऊ_शहाणा
@ढगातला_काजवा खुर्ची घ्या, बाहेर बसा.

मूळशोधक
युरोपियन लोकांनी लिहिलेलं तेच खरं मानायची सवय कधी जाणार आपली? हन्ना, अन्ना, अन्न, अन्नपूर्णा. सरळ दिसतंय. रोममध्ये 'ॲना पेरेन्ना' नावाची देवी होती, अन्नपूर्णाच ती, नाव जसंच्या तसं! आणि लिंबूराव स्वतःच सांगतायत की हिब्रू उच्चार 'खना', म्हणजे खाना. खाना आणि अन्न. अजून काय पुरावा पाहिजे?

ढगातला_काजवा
खाना = अन्न. खटला बंद. न्यायाधीश महाराज जेवायला गेले.

कागदी_लिंबू
मूळशोधक, रागावू नका, पण नुसती अक्षरं जुळली म्हणून नातं जोडायचं तर जपानीत 'हाना' म्हणजे फूल, तीही आपल्याच घरची म्हणावी लागेल.

ॲना पेरेन्नाचं म्हणाल तर ती लॅटिन 'आन्नुस' म्हणजे वर्ष, त्यातली. वर्षाची देवी. तिचा सण १५ मार्चला, रोमन पंचांगात वर्ष पूर्वी मार्चात सुरू व्हायचं तेव्हाचा. रोमन कवी ओव्हिडने त्याचं वर्णन केलंय, ते इतकं आपलं वाटतं की बस: लोक टायबर नदीकाठी गवतावर जोडी-जोडीने पसरलेत, काहींनी फांद्यांचे मांडव केलेत, आणि जितके पेले रिचवू तितकी वर्षं जगू असं म्हणत पितायत. संध्याकाळी झिंगून घरी. १९९९ मध्ये रोममध्ये पार्किंगसाठी खणताना तिचं कारंजं सापडलं, त्यात नाणी आणि लोकांनी एकमेकांना दिलेले शाप कोरलेले शिशाचे पत्रे. आमची अन्नपूर्णा शाप-बिप घेत नाही हो.

हां, पण ओव्हिडनेच तिची गाठ दुसऱ्या एका अन्नाशी घातलीय, कार्थेजच्या राणी डायडोची बहीण अन्ना. आणि ती मात्र आपल्या कामाची. कार्थेज म्हणजे फिनिशियनांची वसाहत, त्यांची भाषा हिब्रूची सख्खी शेजारीण. रोमला हैराण करणारा तो हॅनिबल आठवतोय ना? हन्नी-बाल, 'बाल देवाची कृपा'. धातू तोच. एकीकडे हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा आणि दुसरीकडे उट्रेख्टच्या पाळण्यातली तुमची भाची, नावाने भाऊबंद आहेत.

शेवग्याची_शेंग
बाई गं. हॅनिबल आईला सांगणार नाही.

जुनी_वही
अन्नपूर्णा आणि ॲना यांची खरी गाठ पडलेली एक जागा आहे, आणि ती मुंबईत आहे. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खड, त्यांची मुलगी अन्नपूर्णा. विलायतेत राहून आलेली, घरात-बाहेर सगळे तिला आना किंवा ॲना म्हणत. १८७८ मध्ये सतरा वर्षांचा रवींद्रनाथ विलायतेला जाण्याआधी इंग्रजी वळण लागावं म्हणून यांच्या घरी राहिला होता आणि ही त्याची शिक्षिका. त्याने तिला 'नलिनी' नाव दिलं ते पुढे त्याच्या कवितेत शिरलं. म्हणजे अन्नपूर्णाची ॲना झाली, पण ती वेदकाळात नाही, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी शिकलेल्या घरात, हाक मारायला सोपं म्हणून. तुमच्या बहिणीने तरी दुसरं काय केलंय?

तळ्यात_मळ्यात
मस्त प्रतिसाद. नावं अशीच तर जोडली जातात. माझी आत्या अनिता, १९६८ चा जन्म, आम्ही तिला पक्की मराठी समजतो. पण स्पॅनिशमध्ये 'आना'चं लाडाचं रूप आनिता. इटलीच्या गॅरिबाल्डीची ब्राझिलियन बायको आनिता, तिचं खरं नाव आना मारिया. आता आत्याला हे सांगितलं तर ती म्हणते आमच्या वेळी सगळ्या अनिता, सुनिता आणि विनिता होत्या, त्या दोघी पण स्पॅनिश का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'अनिता'चा संस्कृत अर्थ सांगणारे जे सांगतात तो मला तरी ओढूनताणून वाटतो, पण आपल्याकडे ती सुनिताच्या चालीवर चालून गेली हेही खरं.

रेवदंड्याचा_भाचा
धागा आज बघितला, उशीर झाला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे, आता इस्राएलात अश्दोदला. आमच्या आजीच्या पिढीत हन्ना होत्या, हन्नाबाई म्हणायचे. इथे मूळ गोष्टच कोणी सांगितली नाही अजून, नुसतं व्याकरण चाललंय.

गोष्ट बायबलातल्या 'पहिले शमुवेल' या पुस्तकात आहे. एल्काना नावाचा माणूस, त्याच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला पोरंबाळं, हन्नाला मूल नाही. आणि पनिन्ना तिला दरवर्षी टोचून टोचून रडवायची, म्हणजे जाऊबाई-सवतीचं जे असतं ते सगळं. नवरा चांगला आहे पण त्याला काय कळतंय, तो विचारतो, "मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?" (आमची आजी इथे हमखास नाक मुरडायची.) मग शिलोच्या देवळात हन्ना एकटी जाते आणि मागणं मागते. ओठ हलतायत पण आवाज नाही. दारात एली याजक बसलेला असतो, त्याला वाटतं ही बाई प्यायलेली आहे, तो तिला झापतो. ती म्हणते नाही महाराज, मी मनातलं दुःख ओततेय. तो वरमतो, जा तुझं मागणं पुरं होवो म्हणतो. त्यावर तिचं जे वाक्य आहे ना ते हिब्रूत ऐकावं: तुमच्या दृष्टीत माझ्यावर 'खेन' असो. म्हणजे लिंबूदादांनी सांगितला तोच शब्द. खनाने खेन मागितलं, स्वतःच्याच नावावर श्लेष आहे.

मुलगा होतो तो शमुवेल. दूध तुटल्यावर ती बोललेला नवस फेडायला त्याला देवळात नेऊन सोडते. आणि मग एकच ओळ येते: दरवर्षी त्याची आई त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून घेऊन जायची. दरवर्षी पोरगं मोठं झालेलं असणार, माप अंदाजाने घ्यायचं, चुकत असेल पण, तो झगा माझ्या डोक्यातून जात नाही.

ही गोष्ट आमच्याकडे रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये वाचतात. गावाकडे त्याला 'नव्याचा सण' म्हणायचे. आणि तालमुद या आमच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या रब्बींनी प्रार्थना कशी करावी याचे नियम या बाईवरून काढलेत: ओठ हलले पाहिजेत, आवाज दुसऱ्याला जाता कामा नये, पिऊन प्रार्थना करायची नाही. म्हणजे आजही जगभरचे ज्यू पुरुष उभे राहून जी मूक प्रार्थना पुटपुटतात ती एका बाईची नक्कल आहे, जिला पुजाऱ्याने बेवडी ठरवलं होतं.

कागदी_लिंबू
@रेवदंड्याचा_भाचा उभं राहून टाळ्या. झग्यासाठी वेगळ्या.

सुकेळी
रेवदंडेकर, सुंदर. आणि शमुवेल म्हटल्यावर मुंबईतला सॅम्युएल स्ट्रीट आठवला, तुमच्यातलेच ना ते?

रेवदंड्याचा_भाचा
हो. सॅम्युएल इझिकेल दिवेकर. यांनी १७९६ मध्ये मांडवीला बेने इस्राएलांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. घरचं नाव सामाजी हसाजी. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, एलियाहूचा एलोजी, कोकणात गेलं की सगळ्यांना 'जी' चिकटायचं. लोक सिनेगॉगला जुनी मशीद म्हणत, मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आमच्यात सगळे सांगतात. तेव्हा हार्बरला मस्जिदला उतरलात तर हन्नाच्या पोराच्या नावाच्या गल्लीशेजारी उतरताय हे लक्षात ठेवा.

ढगातला_काजवा
रोज उतरतो. उद्या नमस्कार करेन.

हन्ना आणि तो ज्यूंचा सण हनुक्का पण एकच का मग?

कागदी_लिंबू
नाही. हनुक्काचा धातू ख-न-क, अर्थ अर्पण करणे, वास्तुशांत म्हणा. शेवटी क आहे. ही चूक बरेच जण करतात. पण योहान, जॉन, इव्हान, हुआन, जेन, जोन, जोहाना हे सगळं मात्र चुलत घराणं, 'यो-खनान', देवाने कृपा केली. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमधला प्रत्येक जॉन हा अर्धा हन्ना आहे. हाना आरेंट ही तत्त्वज्ञ, तिचं जन्मनाव तर योहानाच होतं.

दाभोळचा_दर्या
अरबीत पण हाच धातू आहे, हनान म्हणजे माया. आमच्याकडे बीबी मरियमच्या आईचं नाव हन्ना सांगतात. कुराणात नाव येत नाही, 'इम्रानची बायको' एवढंच आहे, सूरह आले-इम्रानमध्ये. ती पोटातलं मूल अल्लाच्या सेवेला देईन असा नवस बोलते, आणि होते मुलगी. म्हणते, परवरदिगार, मला तर मुलगीच झाली. ती मुलगी म्हणजे मरियम. लहानपणी दादी सांगायची तेव्हा मला वाटायचं आता ही बाई नवस मोडणार. मोडत नाही.

सुकेळी
हीच आमची सांता आना! मी वसईची, आमच्या घरात दर पिढीत एक तरी ॲना, ॲनी, ॲनेट असतेच, आजीला तर सगळा गाव आनीबाय म्हणायचा. मेरीच्या आईचं नाव बायबलात नाहीच आहे मुळी, दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात येतं जो बायबलात घेतला नाही. त्यात आना आणि योवाकीम म्हातारपणाकडे झुकलेले, मूल नाही, आना बागेत बसलीय आणि झाडावर चिमण्यांचं घरटं बघून रडतेय, की यांना सुद्धा पिल्लं आहेत. बघा, गोष्ट तीच. मूल नसलेली हन्ना, मूल नसलेली आना. मला वाटतं लिहिणाऱ्याने नाव मुद्दाम तेच ठेवलं, जुनी हन्ना लोकांच्या कानात होतीच.

आणि सेंट ॲन युरोपात इतकी वाढली की खाणकामगारांची पण देवी झाली. १५०५ मध्ये मार्टिन ल्यूथर वादळात सापडला, जवळच वीज पडली, तेव्हा तो ओरडला तो तिच्याच नावाने, सेंट ॲन वाचव, मी साधू होतो. बाप खाणधंद्यातला, घरात तीच असणार. पुढे त्याच ल्यूथरने संतांना नवस बोलणंच बंद पाडलं ही गोष्ट वेगळी.

तळ्यात_मळ्यात
खाणींवरून एक अवांतर पण भारी. जर्मनीत सॅक्सनीत चांदी सापडली, गाव वसलं, त्याला नाव दिलं आनाबेर्ग, आनाचा डोंगर. मग डोंगराच्या पलीकडे बोहेमियात चांदी सापडली, तिथल्या गावाला आनाच्या नवऱ्याचं नाव, योआखिमस्टाल, योवाकीमचं खोरं. तिथे १५२० च्या सुमाराला चांदीची जाड नाणी पडू लागली, योआखिमस्टालर, लोकांनी तोंडाला सोपं म्हणून 'टालर' केलं. टालरचा डॉलर झाला. तर तो डॉलर मूळचा आनाचा मिस्टर आहे.

आगाऊ_शहाणा
आणि आपला आणा? सोळा आणे, चार आणे? आनाचाच ना?

तळ्यात_मळ्यात
नाही. तुम्ही पण मूळशोधकांच्या शेजारी बसा.

तिरफळ
गोव्याहून हजर. सांता आना म्हटल्यावर कोणीतरी तवशांच्या फेस्ताचं नाव काढेल म्हणून दोन दिवस वाट बघितली, नाही काढलं, आता मीच.

तिसवाडीत तळावलीला सेंट ॲनचं चर्च आहे, सतराव्या शतकाच्या शेवटचं, पांढरंशुभ्र, दोन चौकोनी मनोरे, आजूबाजूला शेतं. गावालाच सांतान म्हणतात. २६ जुलैच्या आगेमागे तिचं फेस्त. भर पावसात, जेव्हा बाजार तवशांनी भरलेला असतो. तवसं म्हणजे ती लांबडी जाड पावसाळी काकडी, सिंधुदुर्गवाल्यांना सांगायला नको, तुमच्या धोंडसातली. ज्यांना मूल हवंय ती जोडपी तवसं घेऊन येतात आणि आनामाईला वाहतात. ख्रिस्ती येतात, हिंदूही येतात. मी लहान असताना मावशीबरोबर गेलो होतो, वेदीपुढे तवशांचा एवढा ढीग आणि सगळ्या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या वासात ओल्या काकडीचा वास. तो वास अजून आठवतो.

आता तवसंच का? तर पोर्तुगीज यमक. काकडीला 'पेपिनु', बाळाला 'मिनिनु'. बाई, पेपिनु घे आणि मिनिनु दे. एवढंच नाही, लग्न न झालेले मुलगे चमचा वाहतात कारण चमचा 'कुल्येर' आणि बायको 'मुल्येर'. आणि मुली उडीद वाहतात कारण नवरा 'मारिदु', आणि त्याच्याशी जुळवायला आपल्या उडदाचा 'उरिदु' केलाय. पोर्तुगीजात उडदाला शब्द नाही सापडला तर आपला घुसवला. देवाला सुद्धा यमक जुळवून मागायचं हे फक्त गोंयकाराला सुचेल.

आणि मूळशोधकांना एक भेट: सांतान आणि संतान. मूल मागायला जायचं गाव सांतान! योगायोग आहे, सांता-आना जोडून झालेलं सांतान, पण फेस्ताला आलेल्या निम्म्या मराठी लोकांना तो योगायोग वाटत नाही.

मूळशोधक
बघा! मी काय सांगत होतो!!

तिरफळ
चूक झाली माझी.

जुनी_वही
तिरफळ, काय लिहिलंय. वाचनखूण साठवली.

पूर्वेकडचंही थोडं. बायझंटाइन राजघराण्यात अन्ना खूप. त्यांच्यातली एक, सम्राटाची बहीण, ९८८-८९ च्या सुमाराला कीव्हच्या व्लादिमीरला दिली, या लग्नाबरोबरच तिकडे ख्रिस्ती धर्म आला, आणि नावही. मग तिकडच्या बोलीत पोरीचं काय काय झालं: आन्या, आन्नुश्का, न्यूरा. युक्रेनियनमध्ये तर 'हान्ना' म्हणतात, म्हणजे ग्रीकांनी घालवलेला ह परत लागलेला, पण तो जुना नव्हे, हा त्यांच्या जिभेने नवीन लावलेला. व्लादिमीरचा मुलगा यारोस्लाव, त्याची मुलगी अन्ना १०५१ मध्ये फ्रान्सच्या राजाला दिली. १०६३ च्या एका फ्रेंच दस्तावर तिची सही आहे, 'आना राणी', आणि लिपी कुठली तर तिच्या माहेरची, सिरिलिक. आजूबाजूला सगळं लॅटिन आणि मध्ये ही. नांदायला गेलेल्या मुलीने सही तेवढी माहेरच्या अक्षरात केली.

फ्रान्समध्ये पुढे हे नाव पुरुषांनासुद्धा ठेवलं गेलं. सेनापती होता एक सोळाव्या शतकात, आन द मॉंमोरांसी. राणी आन त्याची धर्ममाता म्हणून तिचं नाव. दाढीवाला ॲन.

नगरी_नग
सगळं जग फिरून झालं, नगरला कोणी आलं नाही. 'ॲना अँड द किंग'वाली ॲना लिओनोवेन्स कुठली? नगरची! १८३१ चा जन्म, आपल्या अहमदनगरचा (आता अहिल्यानगर). बाप कंपनीच्या फौजेतला सार्जंट. लग्न १८४९ ला पुण्यात. १८६२ मध्ये सयामच्या राजाच्या पोरांना शिकवायला बँकॉकला गेली. आयुष्यभर सांगत राहिली की मी वेल्समध्ये जन्मले, जन्मसालही तीन वर्षं पुढे ढकललं, कारण नगरला जन्मलेली गरीब शिपायाची, आजी बहुधा हिंदुस्थानी असलेली पोर म्हटल्यावर कोणी मॅडम म्हणून नोकरीला ठेवलं नसतं. विसाव्या शतकात संशोधकांनी दप्तरं काढली तेव्हा बिंग फुटलं. तिच्यावरच्या हॉलिवूड सिनेमांवर थायलंडमध्ये बंदी, आणि नगरमध्ये तिच्या नावाची साधी पाटी मी तरी पाहिलेली नाही. तिच्या बहिणीचा नातू म्हणजे फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ. नगरी पाणी.

आगाऊ_शहाणा
नगरचं पाणी प्यायल्यावर राक्षस होणारच. (पळतो.)

सुकेळी
मुख्य प्रश्न राहिलाच की, ह परत कसा आला? आमच्याकडे सगळ्या बिनाह-च्या, मग ही उट्रेख्टची हन्ना ह घेऊन कशी?

कागदी_लिंबू
प्रोटेस्टंट लोकांनी आणला. धर्मसुधारणेच्या काळात बायबल लॅटिनवरून न घेता थेट हिब्रूवरून भाषांतरित करायला लागले, तेव्हा जुन्या करारातली बाई 'अन्ना' नाही 'हन्ना' आहे हे पुन्हा दिसलं. इंग्लंड, हॉलंड, जर्मनीत मुलींना मूळ रूपात नाव मिळायला लागलं. मग एकाच घरात ॲन आणि हॅना अशा दोन बहिणी सुखाने नांदायच्या, कोणाला पत्ता नाही की बारसं एकाच नावाचं दोनदा झालंय. प्युरिटनांबरोबर ते अमेरिकेत गेलं, मध्ये म्हाताऱ्यांचं नाव होऊन बसलं, आणि १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षं तिथे नवजात मुलींमध्ये दुसऱ्या नंबरवर होतं.

ज्यू घरांमध्ये ह कधी गेलाच नव्हता, पण कागदावर बऱ्याचदा ॲना लावायचे, शेजाऱ्यांसारखं दिसावं म्हणून. हंगेरीतली हाना सेनेश, घरी आनिको, म्हणजे हंगेरियन ॲनू. १९३९ ला पॅलेस्टाईनला गेली आणि हाना झाली. १९४४ ला पॅराशूटने युगोस्लाव्हियात उतरली, तिथून हंगेरीत शिरताना पकडली गेली, नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये गोळ्या घातल्या. तेवीस वर्षांची. तिच्यासाठी ह ही साधी गोष्ट नव्हती.

आणि हॉलंडमध्ये आहात तर ॲन फ्रँक. पूर्ण नाव आनेलीस, आना अधिक लीस, लीस म्हणजे एलिझाबेथ, तीही हिब्रूच. आपण ॲन म्हणतो ते इंग्रजी वळण, डच लोक 'आनऽ' म्हणतात. तिकडची घरगुती रूपं म्हणजे आंके, आन्या, आनुक (हे फ्रेंच पण चालतं), आनेके.

शेवग्याची_शेंग
थांबा थांबा थांबा. आनेके??

बाळाच्या आत्याचं नाव आनेके आहे. जावयाची बहीण. आई तिला पहिल्यापासून 'अनेक' म्हणते. म्हणजे आत्या आणि भाची सेम नावाच्या आहेत आणि दोन्ही घरांत कोणालाच माहिती नाही?

कागदी_लिंबू
आनेके म्हणजे छोटी आना, 'के' हा लाडाचा प्रत्यय. तर हो. आत्याचं नाव भाचीला, तेही आत्याला न सांगता. अभिनंदन.

ढगातला_काजवा
अनेक में एक. धाग्याला ऑस्कर द्या.

शेवग्याची_शेंग
शेवटची अपडेट देते. रविवारी बारसं झालं, अर्धं उट्रेख्टला आणि अर्धं व्हिडिओ कॉलवर. पाळणा नव्हता, गाडीची सीट होती. आत्यानेच नाव ठेवायचं म्हटल्यावर आनेकेला आधीपासून 'कुर्रर्र' शिकवलं होतं, तिच्या तोंडून ते 'खुर्रर्र' आलं, डच लोकांचा ग घशातूनच येतो, आणि मग तिने बाळाच्या कानात "खन्ना" म्हटलं. तिला मी लिंबूदादांचा पहिला प्रतिसाद इंग्रजीत करून पाठवला होता, तो तिने फारच मनावर घेतला. दोघींचं नाव एकच आहे हे कळल्यावर ती जी रडली ती थांबेचना, आमची आई इकडून "अगं काय झालं तिला, कोणी काही बोललं का" विचारतेय.

आईला कृपा वगैरे सांगितलं. रेवदंड्याच्या दादांची झग्याची गोष्ट पण वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, झबल्याचं माप विचारून ठेव, तिकडे थंडी असते, आणि पार्सल पोचेपर्यंत वाढेल ती, एक बोट जास्तच धरते.

नाव मात्र तिने स्वतःचं स्वतः केलंय. 'अन्नू'. ह गायब.

कागदी_लिंबू
ग्रीकांनी केलं तेच साताऱ्याने केलं.

शेवग्याची_शेंग
तिकडून आलेल्या पार्सलमध्ये उंदरांचा डबा पण आहे. आई तो अजून फोडू देत नाहीये.